माग किती, सूत किती, पाणी किती : धंद्याचे निर्णय आणि गणिताची मदत

यंत्रमागाच्या धंद्यात दर आठवड्याला तेच तीन प्रश्न समोर येतात. कोणत्या मागावर कोणती क्वालिटी चढवायची, सूत किती उचलायचे आणि तयार ग्रे कोणत्या प्रोसेस हाऊसला पाठवायचे. बहुतेक गाळ्यांमध्ये या प्रश्नांची उत्तरे शेठ गादीवर बसून, दलालाचा फोन ऐकता ऐकता देतो. त्यात चूक काही नाही. वीस-पंचवीस वर्षांचा तजुर्बा ही मामुली चीज नव्हे. परंतु मीटरमागे आठ-दहा रुपये सुटत होते तेव्हा अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी भागत असे. आता दीड-दोन रुपयांवर गाडी आली आहे. सूत उधारीवर, विजेचे बिल रोखीने आणि कापडाचे पेमेंट दोन-तीन महिन्यांनी, अशा हालतीत अंदाजातली छोटी चूकही आठवड्याचा नफा खाऊन जाते.

मोठ्या गिरण्या आणि कंपन्या अशा निर्णयांसाठी गणिताची मदत घेतात. त्याला ते मॉडेल म्हणतात. नाव ऐकून आपले लोक बिचकतात. पण मॉडेल म्हणजे आपल्या धंद्याचे कागदावरचे चित्र, यापलीकडे काही नाही. आपल्याजवळ काय काय आहे, म्हणजे माग, सूत, पैसा, पाणी, माणसे. त्यातले प्रत्येक किती आहे. एका मीटरला त्यातले काय किती लागते. आणि शेवटी आपल्याला काय वाढवायचे किंवा काय वाचवायचे आहे. एवढे लिहिले की मॉडेल झाले. पुढची बेरीज-वजाबाकी यंत्र करते. निर्णय मात्र यंत्र घेत नाही, तो शेठनेच घ्यायचा.

हे शास्त्र जन्मले तेही कारखान्याच्याच प्रश्नातून. रशियात लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविच या गणितज्ञाकडे प्लायवूडच्या एका संस्थेने प्रश्न आणला की, निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळे लाकूड कसे वाटून दिले तर उत्पादन जास्तीत जास्त निघेल? त्याचे उत्तर त्याने १९३९ मध्ये पुस्तिका काढून दिले. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग याने विमानदलाच्या नियोजनासाठी काम करताना १९४७ मध्ये असे प्रश्न सोडवण्याची सिम्प्लेक्स नावाची रीत बसवली. आजही संगणकात मुख्यतः तीच रीत आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या चालतात. कांतोरोविच व त्याच विषयावर काम केलेला कूपमन्स यांना १९७५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. डँट्झिगचे नाव त्यात नव्हते, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले. आपल्या देशातही हा विषय नवा नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे असेच एक गणिती मॉडेल होते. देशाचे नियोजन ज्या रीतीने होऊ शकते, त्या रीतीने चोवीस मागांचे का होऊ नये?

तर आता चोवीस मागांचाच हिशोब करून पाहू. खालील आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. ज्याने त्याने आपापल्या वहीतले घालावेत.

साधा माग मिनिटाला १६० फेरे मारतो असे धरू. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे हे सगळे धरून कार्यक्षमता ७५ टक्के. म्हणजे तासाला ७२०० पिक पडतात. कापड इंचाला ५२ पिकांचे असेल तर एका मीटरमध्ये सुमारे २०४७ पिक बसतात, म्हणजे तासाला साडेतीन मीटर कापड निघते. ७२ पिकांचे असेल तर मीटरला २८३५ पिक लागतात आणि तासाला अडीच मीटर निघते. ५२ पिकाला मीटरमागे ८० ग्रॅम सूत जाते, ७२ पिकाला १०० ग्रॅम. सूत, सायझिंग, मजुरी, वीज सर्व वजा जाता ५२ पिकात मीटरला २ रुपये सुटतात, ७२ पिकात २ रुपये ६० पैसे.

आता कोणालाही विचारा, जास्त नफ्याचा माल कोणता? तो झटकन सांगेल, ७२ पिक. मीटरला साठ पैसे जास्त. पण माग तासावर चालतो, मीटरवर नाही. ५२ पिकात तासाला साडेतीन मीटर गुणिले २, म्हणजे ७ रुपये सुटतात. ७२ पिकात अडीच गुणिले २.६०, म्हणजे साडेसहा रुपये. तासाच्या हिशोबाने ५२ पिक वरचढ ठरले. मग सगळे माग ५२ वर लावावेत काय? तेही थांबा. सुताच्या हिशोबाने पाहा. ५२ पिक एक किलो सुतावर २५ रुपये मिळवून देते आणि ७२ पिक २६ रुपये. म्हणजे मागाचा तास कमी पडत असेल तर ५२ चांगले आणि सूत कमी पडत असेल तर ७२ चांगले. दोन्ही कमी पडत असतील तर? आपल्याकडे बहुधा दोन्हीच कमी असतात, आणि नेमके येथेच डोक्यातला अंदाज अडखळतो.

चोवीस माग रोज २० तास, आठवड्याचे सहा दिवस चालले तर २८८० मागतास मिळतात. सूतवाल्याने या आठवड्यापुरती ७५६ किलोची उधारी मंजूर केली आहे. सगळे माग ७२ वर लावले तर २८८० गुणिले साडेसहा, म्हणजे १८,७२० रुपये सुटतात आणि ३६ किलो सूत पडून राहते. सगळे ५२ वर लावले तर २७०० तासांतच सूत संपते, बाकीचे १८० तास माग उभे राहतात आणि हाती येतात १८,९०० रुपये. आता १० मागांवर ५२ आणि १४ मागांवर ७२ लावून पाहा. पहिल्याला १२०० तास मिळाले, सूत लागले ३३६ किलो, नफा ८,४०० रुपये. दुसऱ्याला १६८० तास मिळाले, सूत लागले ४२० किलो, नफा १०,९२० रुपये. सूत बरोबर ७५६ किलो खपले, एकही तास फुकट गेला नाही आणि नफा झाला १९,३२० रुपये. दोन्ही मालांचे बरोबर ४२०० मीटर निघाले. माग तेच, सूत तेच, कारागीर तेच. नुसत्या वाटणीने एका बाजूला ६०० आणि दुसऱ्या बाजूला ४२० रुपयांचा फर्क पडला. रक्कम छोटी वाटेल, पण ती दर आठवड्याची आहे, आणि तिच्यासाठी एक पैसा गुंतवावा लागलेला नाही.

दोन क्वालिटींचा हिशोब पाटीवर होतो. सहा क्वालिटी, तीन काउंटचे सूत, दोन रुंदीचे माग आणि चार गिऱ्हाइकांच्या तारखा आल्या की तो माणसाच्या हातात राहत नाही. तेथे संगणक लागतो. तत्त्व मात्र हेच.

माझ्या मते या रीतीचा खरा फायदा वाटणी कळण्यात नाही. कशाची चणचण किती रुपयांची आहे, हे ती सांगते. आपल्या वरच्या उदाहरणात एक किलो सूत जादा मिळाले तर काय होईल? एक तास ७२ वरून ५२ कडे वळवायला ३० ग्रॅम सूत जास्त लागते आणि पन्नास पैसे जास्त मिळतात. म्हणजे एक किलोत तेहतीस तास वळवता येतात आणि १६ रुपये ६७ पैसे जादा सुटतात. हा सुताचा दर सोडून वरचा फायदा. मागाचा एक तास वाढवला आणि सूत तेवढेच ठेवले, तर त्या तासाच्या सुतासाठी आठ-सव्वाआठ तास ५२ वरून ७२ कडे न्यावे लागतात. सगळे वजा होऊन हाती राहतात फक्त २ रुपये ३३ पैसे. पुस्तकात याला छायामूल्य म्हणतात.

आता याचा उलगडा व्यवहारात करा. सूतवाला उधारी वाढवायला किलोमागे १० रुपये जास्त मागत असेल तर आपण त्याला लुटारू म्हणतो. पण या आठवड्यात ते घेणे फायद्याचे आहे, कारण त्या किलोची आपल्याकडची किंमत १६ रुपये ६७ पैसे आहे. अर्थात हे ८०६ किलोपर्यंतच खरे. त्यापुढे सगळे माग ५२ वर गेलेले असतात आणि जादा सूत गाळ्यात नुसते पडून राहील. उलट, रविवारी माग चालवण्यासाठी कारागिराला जी जादा मजुरी द्यावी लागते, ती मागामागे ताशी २ रुपये ३३ पैशांच्या वर गेली तर तो रविवार तोट्याचा. पंचविसावा माग घेण्याचा विचार असेल तर तोही याच आकड्यावर तपासावा. आपल्याकडे हातात चार पैसे आले की लोक माग वाढवतात. चणचण खेळत्या भांडवलाची असते आणि पैसा अडकतो लोखंडात. पुष्कळ गाळे मी असे पाहिले आहेत की माग पूर्ण आहेत, पण बीमअभावी त्यातले चार-सहा नेहमी उभे.

या योजनेचा जीव किती, हेही गणितातून कळते. ७२ पिकाचा नफा २ रुपये ५० पैशांच्या खाली गेला तर सगळे ५२ वर न्यावे लागेल; २ रुपये ८० पैशांच्या वर गेला तर सगळे ७२ वर. म्हणजे योजना तीस पैशांच्या पट्ट्यात टिकते. सुताचा भाव आठवड्यात किलोमागे पाच रुपये हलला तर ७२ पिकात मीटरमागे पन्नास पैशांचा फर्क पडतो, ५२ पिकात चाळीस पैशांचा. म्हणून एकदा हिशोब केला आणि वर्षभर तोच तक्ता भिंतीला लावून ठेवला, असे करणाऱ्याने मॉडेलला दोष देऊ नये.

मॉडेलला काही गोष्टी कळत नाहीत, त्याही सांगितल्या पाहिजेत. चढलेला बीम संपल्याशिवाय क्वालिटी बदलता येत नाही, हे त्याला आपण सांगितले नाही तर ते मंगळवारी एक आणि गुरुवारी दुसरी क्वालिटी चढवा म्हणेल. पंधरा वर्षांचा जुना व्यापारी आहे, त्याला दर आठवड्याला हजार मीटर तरी गेलेच पाहिजेत, नाही तर तो दुसऱ्या गाळ्याचा रस्ता धरील. हे नाते नफ्याच्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी 'अमुक मालाचे किमान इतके मीटर' अशी अट घालावी लागते. बारा तास उभ्या असलेल्या कारागिराचा थकवाही यंत्राला दिसत नाही. ७५ टक्के कार्यक्षमता शेवटच्या चार तासांत ६५ वर येते, ते मॉडेलमध्ये लिहिले नाही तर कागदावरचे मीटर आणि तागे मोजल्यावरचे मीटर कधी जुळणार नाहीत.

आता माल वाहून नेण्याचे पाहू. समजा एका व्यापाऱ्याच्या भिवंडीच्या गोदामात ३०० गाठी ग्रे आहे आणि मालेगावात २००. रंगाईसाठी २५० गाठी तारापूरला आणि २५० अहमदाबादला पाठवायच्या आहेत. भाडे गाठीमागे असे धरू : भिवंडीहून तारापूर ४० रुपये, अहमदाबाद १६०, मालेगावहून तारापूर ११० आणि अहमदाबाद २६०, कारण समजा थेट गाडी मिळत नाही, माल मध्ये उतरवून पुन्हा चढवावा लागतो. मुनीम काय करील? सर्वांत स्वस्त भाडे आधी पकडील. भिवंडीच्या २५० गाठी तारापूरला, उरलेल्या ५० अहमदाबादला आणि मालेगावच्या २०० अहमदाबादला. एकूण भाडे ७०,००० रुपये. याच्या उलट, मालेगावच्या सर्व २०० गाठी तारापूरला, भिवंडीच्या ५० तारापूरला आणि २५० अहमदाबादला पाठवल्या तर भाडे होते ६४,००० रुपये. सहा हजार वाचले, आणि तेही सर्वांत स्वस्त रस्त्यावर कमी माल घालून.

असे का व्हावे? भिवंडीला तारापूर सोडून अहमदाबाद घ्यावे लागले तर गाठीमागे १२० रुपये जास्त पडतात. मालेगावला तसे करावे लागले तर १५० जास्त पडतात. ज्याचे नुकसान जास्त, त्याला आधी निवड द्यायची. भाडे किती यापेक्षा दोन भाड्यांतला फर्क किती, हे पाहायचे. हा प्रश्न बाकायदा मांडून सोडवण्याचे काम अमेरिकेत हिचकॉक याने १९४१ मध्ये केले आणि महायुद्धाच्या काळात कूपमन्सने मालवाहू जहाजांच्या नियोजनात याच जातीचा प्रश्न हाताळला. वाचलेल्या भाड्यात डिझेलही वाचते, हे वेगळे सांगायला नको. मात्र एकूण भाडे कमी झाले म्हणजे किलोमीटर कमी झालेच असे समजू नये. परतीचा ट्रक रिकामा जाणार असेल तर भाडेवाला लांबच्या रस्त्यालाही स्वस्तात येतो. ज्याला डिझेलचा हिशोब करायचा आहे त्याने रुपयांऐवजी लिटर मांडावेत आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत.

साठ्याबद्दल थोडक्यात. केमिकल, पॅकिंगचे सामान, मागाचे सुटे भाग एका वेळी किती आणावेत, याचे सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ मध्येच दिले होते. वर्षाला ६००० किलो केमिकल लागते, एका खेपेचा टेम्पो-हमालीचा खर्च ६०० रुपये आणि एक किलो वर्षभर सांभाळण्याचा खर्च २० रुपये असेल, तर ६०० किलोची खेप सर्वांत स्वस्त. वर्षाला दहा खेपा, दोन्ही खर्च मिळून १२,००० रुपये. ९०० किलोची खेप केली तर खर्च १३,००० होतो, ३०० ची केली तर १५,०००. यातून एक उपयोगाची गोष्ट दिसते की जास्त मागवण्याची चूक कमी मागवण्याच्या चुकीपेक्षा स्वस्त पडते. पुस्तकात सांभाळण्याच्या खर्चात बँकेचे व्याज धरलेले असते. व्याजाचा व्यवहार न करणाऱ्या आपल्या बांधवांनी त्या जागी, तेवढा पैसा तेवढी मुदत दुसऱ्या मालात फिरला असता तर सरासरी किती नफा देता, तो धरावा. जागेचे भाडे, नासधूस आणि विमा तर सर्वांनाच आहे. पैसा अडकला की त्याची किंमत असते, मग तिला कोणतेही नाव द्या.

येथवर नफ्याचे झाले. पण आज नियोजनात एक नवी वस्तू आली आहे, जिचा हिशोब आपल्या वडिलांनी कधी ठेवला नाही. ती म्हणजे पाणी. तिरुपूरचे उदाहरण सर्व कापडवाल्यांनी अभ्यासावे असे आहे. तेथील रंगाईचे पाणी नोय्यल नदीत जात असे. नदीवरच्या ओरत्तुपालयम धरणात क्षार आणि रंग साठून शेतकऱ्यांना ते पाणी निकामी झाले. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट न पाळणारे रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. सातशेहून अधिक कारखान्यांना कुलूप लागले. निर्यातीच्या ऑर्डरी हातात, विणलेला माल गोदामात आणि रंगवायला जागा नाही, अशी हालत झाली. शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती आणि रंगाईवरचे मजूरही निर्दोष होते. पाण्याची मर्यादा मॉडेलमध्ये न लिहिल्याने ती नाहीशी होत नाही. ती नंतर न्यायालयाच्या हुकमातून येते, आणि तेव्हा तिची किंमत पूर्ण धंद्याएवढी असते.

पाण्याचा हिशोब कसा करावा? रंगाईत कापडाच्या वजनाच्या किती पट पाणी, हे प्रमाण मुख्य. जुन्या विंचमध्ये ते सुमारे वीस पट असते, सॉफ्ट फ्लो यंत्रात आठ पटीच्या आसपास, जिगरमध्ये त्याहूनही कमी. २०० किलोचा लॉट धरा. विंचमध्ये एका भरणीला ४००० लिटर, सॉफ्ट फ्लोमध्ये १६०० लिटर. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग द्यायचा तर धुलाई-साबणासह आठ-दहा वेळा पाणी बदलावे लागते. आठ धरले तर एकीकडे ३२,००० लिटर आणि दुसरीकडे १२,८०० लिटर. येथेच हिशोब थांबत नाही. पाणी ३० वरून ८० अंशांवर न्यायचे तर ४००० लिटरला २ लाख किलोकॅलरी लागतात, १६०० लिटरला ८० हजार. साधा कोळसा आणि सामान्य बॉयलर धरून किलोमागे २६०० किलोकॅलरी कामी आली, तर एका तापवणीला ७७ किलो कोळसा विरुद्ध ३१ किलो. गडद रंगाला लिटरमागे साधारण ६० ते ८० ग्रॅम मीठ पडते. ६० धरले तरी २४० किलो मीठ विरुद्ध ९६ किलो. आणि हेच मीठ पुढे सांडपाण्यात उतरते. नदीला आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राला जड जाते ते मुख्यतः हेच. म्हणजे पाणी, कोळसा आणि मीठ हे तीन वेगळे खर्च नाहीत, एकाच दोरीला बांधलेले आहेत.

नवे यंत्र घेण्याची ऐपत सर्वांना नाही. पण क्रम बदलायला पैसे लागत नाहीत. फिका रंग झाल्यावर त्याच यंत्रात गडद चालतो, धुवावे लागत नाही. गडदानंतर फिका घ्यायचा तर दोन भरण्यांनी यंत्र धुवावे लागते. दोन वेगळे गडद रंग लागोपाठ आले तर एका भरणीने भागते, काळ्याआधी तर तीही नको. ऑर्डर आल्या त्या क्रमाने काळा, क्रीम, नेव्ही, गुलाबी, मरून असे चालवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच फेरा, तर काळ्यानंतर क्रीमला दोन आणि नेव्हीनंतर गुलाबीला दोन, अशा चार धुलाया होतात. क्रीम, गुलाबी, मरून, नेव्ही, काळा असे लावले तर मरूननंतर एक आणि दुसऱ्या दिवशी काळ्यानंतर क्रीमला दोन, अशा तीन. एका यंत्राला रोज १६०० लिटर वाचले आणि धुलाईत जाणारा वेळही वाचला. जुने रंगारी मास्टर हे जाणतात. अडचण तेव्हा होते जेव्हा शेठ मध्येच येऊन सांगतो की अमुक पार्टीचा क्रीम आज संध्याकाळी पाहिजे. मॉडेल त्या घाईची किंमत काढून देते. मग पार्टीकडून ती वसूल करायची की पोटात घालायची, हे शेठने ठरवावे.

नफा आणि पाणी यांची ओढाताण झाली तर काय करावे? पुस्तकांत दोन रस्ते सांगतात. एक, दोन्हींना गुण देऊन बेरीज करायची : नफ्याला इतके, पाण्याला इतके. मला हा रस्ता पसंत नाही. गुण देणारा आपणच असतो आणि आपल्याला हवे ते उत्तर निघेपर्यंत गुण बदलत राहतो. दुसरा रस्ता साफ आहे. पाण्याची मर्यादा अट म्हणून लिहायची आणि नफा काढायचा. मग मर्यादा पाच टक्क्यांनी खाली आणायची आणि पुन्हा काढायचा. असे पाच-सहा वेळा केले की कळते, पहिले दहा-पंधरा टक्के पाणी वाचवायला कदाचित काहीच जात नाही आणि पुढे प्रत्येक हजार लिटरला किती रुपये मोजावे लागतात. तो आकडा टँकरच्या दराशी ताडून पाहावा. पाणी साफ करून परत वापरण्याचे यंत्र परवडते की नाही, याचा खुलासाही तेथेच होतो. एकट्याला परवडले नाही तरी दहा जणांना मिळून परवडेल काय, हाही हिशोब त्याच कागदावर होतो.

याला मोठा संगणक लागत नाही. एक्सेलमध्ये सॉल्व्हर नावाची सोय आहे, लिब्रे ऑफिस या मोफत पॅकेजमध्येही आहे. कॉलेजात जाणारा घरचा मुलगा किंवा मुलगी एका दुपारी शिकू शकते. मुश्कील आहे ती आकड्यांची. आपल्या वह्यांत शनिवारी किती मीटर उतरले आणि कारागिराला किती दिले, एवढेच असते. कोणता माग किती तास उभा होता आणि कशामुळे, धागा तुटून, बीम नसल्याने की वीज गेल्याने, हे कोठेच नसते. कोणत्या लॉटला किती पाण्याच्या भरण्या लागल्या, हे मास्टरच्या डोक्यात असते आणि मास्टर गेला की तेही जाते.

म्हणून सॉल्व्हरला हात लावण्यापूर्वी चार आठवडे एक साधी वही घालावी. मागाचा नंबर, क्वालिटी, पिक, पाळी, चाललेले तास, उभे राहिलेले तास आणि कारण, उतरलेले मीटर, दिलेले सूत आणि परत आलेला वेस्ट. रंगाईवाल्यांनी त्यात लॉटचे वजन, भरण्यांची संख्या, मीठ आणि कोळसा हे चार रकाने वाढवावेत. वही पाळी संपताच लिहावी, शनिवारी एकदम नव्हे, कारण शनिवारी लिहिलेले उभे तास नेहमी गोल आकड्यात असतात. चार आठवड्यांनी ५२ पिक आपल्याकडे खरोखर तासाला साडेतीन मीटर निघते की तीन, हे पहिल्यांदा कळेल. तीन निघत असेल तर तासाला ७ ऐवजी ६ रुपये सुटतात आणि वरच्या उदाहरणातली सगळी वाटणी बदलते.